‘श्यामची आई’ आणि आमच्या घरची स्मरणिका

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक नवाच ग्रंथप्रकार रूढ झाला आहे. घरातील आजी किंवा आई जाऊन काही वर्षे लोटली, अथवा तिच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली, म्हणजे मुले, सुना, नातवंडे मिळून तिच्या आठवणींचे एक लहानसे पुस्तक काढतात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नऊवारीतले छायाचित्र, आत प्रत्येकाचा एकेक लेख आणि शेवटी वंशवृक्ष, अशी त्याची ठरलेली मांडणी असते. पुस्तक विक्रीस ठेवायचे नसते, त्यामुळे त्याचे परीक्षण कोणी करीत नाही. आणि केलेच तर ते परीक्षण पुस्तकाचे न राहता एखाद्याच्या आईचे होईल, या भीतीने सभ्य माणूस गप्प बसतो. गिरगाव, दादर, परळ या भागांतील स्नेहीजनांच्या कृपेने अशी सतरा पुस्तके आमच्या कपाटात जमली आहेत. ती सर्व आम्ही वाचली आहेत. वाचून आमचे असे मत झाले आहे की, या सतरा घरांतून एकच आजी राहून गेली. ती पहाटे चारला उठते, कधी रागावत नाही, दारी आलेल्यास विन्मुख पाठवीत नाही, तुळशीस पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही, आणि स्वतःसाठी आयुष्यात काही मागत नाही. नावे, गावे आणि साड्यांचे रंग तेवढे बदलतात.

ही तक्रार करण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. अठरावे पुस्तक आमच्याच घरचे आहे. गेल्या वर्षी आमच्या आजीच्या जन्मास शंभर वर्षे झाली. घरात साहित्याचा प्राध्यापक एकच, तेव्हा मुख्य लेख आम्हीच लिहावा असे सर्वानुमते ठरले, आणि आम्ही तो दोन संध्याकाळींत लिहूनही टाकला. लेख सर्वांस आवडला. आमच्या एका चुलतभावाने तो वाचताना डोळे पुसले असे त्याच्या पत्नीने कळविले. फक्त आमच्या धाकट्या आत्याने, जिचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे व जी दादरला हिंदू कॉलनीत राहते, लेखाची प्रत परत पाठविली. वर शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले होते : “चांगले आहे. पण ही कोण बाई?”

आम्ही तिला भेटावयास गेलो. आत्याने चहा दिला, इकडतिकडचे विचारले आणि मग म्हणाली, “कपबशीचं लिहिलं नाहीस. आणि बंबाचंही नाही.” आम्ही म्हटले, त्या गोष्टी लेखात कशा यावयाच्या? त्यावर तिने जे उत्तर दिले ते आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस कोणी दिले नव्हते. ती म्हणाली, “साने गुरुजींनी आंघोळीचं लिहिलंय की! तू वाचलंयस ना ‘श्यामची आई’? की नुसतंच शिकवतोस?”

आम्ही ते वाचले होते. परंतु कसे वाचले होते हे सांगावयास थोडा संकोच वाटतो. आमच्या पिढीतील इंग्रजी शिकलेल्या पदवीधरांची या पुस्तकाशी वागण्याची एक ठरीव रीत आहे. लहानपणी ते वाचून रडावयाचे, महाविद्यालयात गेल्यावर त्या रडण्याची लाज धरावयाची, आणि पुढे स्वतःची मुले झाली म्हणजे ते त्यांस वाढदिवसाला भेट द्यावयाचे. ‘भाबडे’, ‘अश्रूंनी भिजलेले’, ‘संस्कारकथा’ ही विशेषणे आम्ही वर्गात कितीदा वापरली असतील याची गणती नाही. आत्याच्या घरून परत येताना आम्ही एक नवी प्रत विकत घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले.

पुस्तकाची हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी त्याचा बराचसा भाग थोड्या दिवसांत लिहून काढला, आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. गुरुजींची आई दापोली तालुक्यातील पालगड गावी १९१७ साली वारली होती. म्हणजे लेखन आणि मरण यांत सुमारे सोळा वर्षांचे अंतर आहे. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. आईचे काम वनमालाबाईंनी केले, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट ठरला. चित्रपट चांगलाच आहे. परंतु पुस्तकाच्या कीर्तीवर त्याचा एक परिणाम असा झाला की, त्यानंतरच्या वाचकांनी पुस्तक उघडण्यापूर्वीच रुमाल काढून ठेवला. ज्यास रडावयाचेच आहे तो बारीक अक्षर वाचीत नाही.

बारीक अक्षर कोणते? या वेळी आमच्या लक्षात प्रथम आली ती पुस्तकातील पैशाची वर्दळ. ज्या पुस्तकास आम्ही अश्रूंचे पुस्तक म्हणत आलो ते खरोखर एका बुडत चाललेल्या घराचे जमाखर्चाचे पुस्तक आहे. प्रकरणांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘गरिबांचे मनोरथ’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’ : ही काही मातृस्तोत्राची शीर्षके नव्हेत. एके काळचे खोताचे घर. भाऊबंदकीत घराबाहेर पडावे लागते. माहेरच्या आश्रयापेक्षा स्वतःची झोपडी बरी, असा आईचा आग्रह. मग कर्ज, मग व्याज, मग सावकाराचा माणूस दारात, आणि अखेर गावात दवंडी. आईला भाऊबीजेचे पैसे मिळतात तेव्हा त्यांतून नवऱ्यासाठी धोतर येते. ही गोष्ट लहानपणी आम्हांस केवळ गोड वाटली होती. आता वाचताना प्रश्न पडला तो असा की, घरातल्या पुरुषाचे धोतर भाऊबीजेच्या पैशांतून घ्यावे लागते, म्हणजे त्या दिवाळीस त्या घरात दुसरा पैसाच नव्हता. गुरुजी हे कोठेही ओरडून सांगत नाहीत. ते धोतर सांगतात आणि पुढे जातात.

याच पार्श्वभूमीवर आईची परोपकारबुद्धी वाचावयास हवी. कांडपीण मथुरी आजारी पडते तेव्हा तिच्या पोटाची काळजी ही बाई करते. आमच्या सतरा पुस्तकांतील आज्याही आजाऱ्यांची काळजी करतात. पण त्यांच्या घरच्या डब्यात तांदूळ किती होते, हे लेखक कधीच सांगत नाहीत. साने गुरुजी ते सांगतात, म्हणून श्यामच्या आईचे देणे हे देणे वाटते. ज्या दातृत्वाची किंमत लिहिलेली नाही ते वाचकाच्या मनात कोणत्याच खात्यावर जमा होत नाही. आमच्या आजीविषयी आम्ही लिहिले होते, “तिचा हात सदैव मोकळा असे.” वाक्य तालबद्ध आहे, आणि साफ खोटे आहे. आजीचा हात मोकळा नव्हताच. तिच्या फडताळात एक निळी वही असे व तीत उसने नेलेल्या साखरेच्या वाट्यादेखील लिहिलेल्या असत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला व सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा लालबाग-परळच्या गाळ्यांत राहणारी गावाकडची चार कुटुंबे आजीने वर्षभर तांदुळाने सांभाळली. तो तांदूळ कोठून आला? आजोबांच्या निवृत्तिवेतनातून नव्हे. आमच्या घरी त्या वर्षी आठवड्यातून तीन रात्री भात शिजला नाही, पेज झाली, हे आम्हांस स्वच्छ आठवते. कारण आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो आणि आम्हांस पेज मुळीच आवडत नसे. हे सारे निळ्या वहीत होते. ते लेखात का आले नाही? पेजेचे लिहिले तर घर गरीब दिसले असते, आणि वहीचे लिहिले तर आजी हिशेबी दिसली असती.

दुसरी गोष्ट निसर्गाची. ‘श्यामची आई’त झाडे, पाने, जनावरे जागोजाग आहेत, परंतु निसर्गवर्णन जवळजवळ नाही, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनी फारशी उल्लेखलेली नाही. आईला निसर्ग ‘आवडतो’ असे कोठे म्हटलेले नाही. तिचे त्याच्याशी काम पडते. पहिल्याच रात्री वटसावित्रीच्या व्रतात ती हिवतापाने अंथरुणावर आहे, म्हणून वडाच्या प्रदक्षिणा श्यामला घालाव्या लागतात; मुलगा असून बायकांचे व्रत करावयास तो लाजतो, आणि ती त्याची लाज काढते. ‘मुकी फुले’ या प्रकरणात मुले चढाओढीने उमलण्याआधीच कळ्या तोडून आणतात. त्यावर आईचे म्हणणे असे की, फुलास झाडावर उमलू द्यावे, मग घ्यावे. यात काव्य आहे खरे. पण त्याहून अधिक आहे तो एक गृहिणीचा नियम. जे अजून व्हावयाचे आहे ते केवळ दुसऱ्यास मिळू नये म्हणून आधीच ओरबाडू नये. भाकरी पुरवून खाणारी आणि कळी झाडावर राहू देणारी बाई एकच आहे. तिला दोन ठिकाणी दोन निराळे सद्गुण लागत नाहीत. ‘मोरी गाय’ आणि ‘भूतदया’ ही प्रकरणेही त्याच हाताची आहेत. पत्रावळ लावता येणे ही तर तिच्या दृष्टीने मुलाच्या शिक्षणातली अत्यावश्यक गोष्ट. पान म्हणजे ताट, आणि ज्यास आपले ताट करता येत नाही त्याने जेवावयास बसू नये.

मुंबईत राहणाऱ्यास हे वाचताना चमत्कारिक वाटते. आमच्या गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. पुढे गेले म्हणजे ताडदेव आहे, चिंचपोकळी आहे. सगळी झाडे पत्त्यांत उरली आहेत. अशा ठिकाणी १९४१ साली दापोलीकडून लग्न होऊन आलेली आमची आजी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अठ्ठावन्न वर्षे राहिली. तिच्या बागेसंबंधी आम्ही लेखात दीड पान खर्ची घातले होते, आणि त्यात ‘हिरवे स्वप्न’ हा शब्दप्रयोग केला होता, जो वाचून आता आम्हांस घाम फुटतो. वस्तुस्थिती अशी की, सामायिक गॅलरीच्या कठड्यावर तिने वनस्पती तुपाचे अकरा डबे मांडले होते. त्यांत तुळस, ओवा, गवती चहा, पुदिना आणि एका डब्यात अळू. तांदूळ धुतलेले पाणी ओव्याला, भाजीचे पाणी अळवाला, असे पाण्याचे वाटप होते. नळाचे पाणी तेवढे तुळशीला. चाळीतल्या कोणाचेही पोर खोकू लागले की ओव्याची पाने खाली जात. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंशी या डब्यांवरून तिची भांडणे होत, कारण पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबके, आणि भांडणात आजी नमती घेत नसे. एकदा चाळीच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवले. भिंत फुटेल म्हणून ते काढणे भाग होते. आजीचा त्यास विरोध नव्हता. मात्र ते तोडू न देता तिने एका गवंड्याकडून मुळासकट काढवून घेतले, त्याची मजुरी दिली, आणि ते डब्यात घालून पुढच्या खेपेस बोटीने गावाकडे पाठवून दिले. भाऊच्या धक्क्यावर पिंपळाचे रोप घेऊन उभे राहिलेल्या आमच्या आजोबांच्या मुद्रेचे वर्णन आत्या अजून करते.

वटपौर्णिमेस बाजारात वडाच्या फांद्या विकावयास येतात. आजीने ती फांदी आयुष्यात विकत घेतली नाही. उभ्या झाडापर्यंत ती चालत जाई, आणि चालवेनासे झाले त्या वर्षी तिने आम्हांस पाठविले. आम्ही त्या वेळी महाविद्यालयात शिकत होतो व कीट्सच्या कविता पाठ करीत होतो. आम्ही गेलो नाही. मित्रांनी पाहिले असते! चौपाटीवर तासभर बसून परत आलो आणि ‘घातल्या’ असे सांगितले. श्याम अखेर आईचे ऐकून प्रदक्षिणा घालतो. त्याच्यात आणि आमच्यात एवढा फरक. पण हेही त्या दीड पानात नव्हते.

आता आत्याने सांगितलेल्या आंघोळीकडे येऊ. पंचविसाव्या रात्रीचे शीर्षक ‘देवाला सारी प्रिय’ असे आहे. लाकडाची मोळी घेऊन निघालेली एक म्हातारी महारीण वाटेत अडली आहे. मोळी डोक्यावर चढवून देण्यास तिला कोणी हात लावीत नाही, कारण शिवाशीव. श्यामची आई मुलास सांगते की, जा आणि तिला मोळी उचलून दे. येथपर्यंतची गोष्ट शाळेतील प्रत्येक भाषणात येते. तिच्या पुढचे वाक्य कोणी सांगत नाही. आई त्याच श्वासात असेही सांगते की, मग घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ साने गुरुजींनी पुसून टाकली असती तर कोणास कळणार होते? आई जाऊन सोळा वर्षे झालेली. १९३३ साल म्हणजे अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीचा ऐन भर. लिहिणारा स्वतः त्या चळवळीतला. आईला थोडी पुढे सरकवून आपल्या मताची करून घेणे त्यास किती सोपे होते! एक ओळ गाळावयाची, की आई निष्कलंक. आमच्या सतरा पुस्तकांतील प्रत्येक लेखकाने, आणि अठराव्यातील आम्ही, नेमके हेच केले आहे. गुरुजींनी ते केले नाही. त्यांनी आईला तिच्या काळात, तिच्या सोवळ्यात, तिच्या विहिरीपाशी राहू दिले. आणि तिथे उभी राहूनही तिचे मन त्या म्हातारीपर्यंत किती पोचले हे दाखविले. पोचले ते एका स्नानाच्या अंतरापर्यंत. पुढचे अंतर मुलाने चालावयाचे होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांस उघडावे म्हणून गुरुजींनी दहा दिवसांचे उपोषण केले, त्याची पायवाट या प्रकरणातून गेली आहे असे आम्हांस वाटते. आईने जे केले त्याचा अभिमान आणि जेथे ती थांबली त्याची बोच, या दोन्ही गोष्टी ज्याने बाळगल्या त्याच्याच हातून हे होते. ज्याच्या आईने सर्वच करून ठेवले आहे त्या मुलास करावयाचे काय उरते?

पुस्तक निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. श्याम आठवण सांगता सांगता प्रवचनाकडे वळतो, आणि तो वळला की आई पडद्याआड जाते. पुष्कळ रात्रींच्या शेवटी अशी दोन-तीन पाने आहेत जी काढून टाकली तर काही बिघडणार नाही. आश्रमातील श्रोते तर फारच तत्परतेने सद्गदित होतात, एखादा गोविंदा किंवा भिका मध्येच उठून “पण तुझ्या वडिलांनी एवढे कर्ज केलेच का?” असे विचारता तर पुस्तकाचे बळ वाढले असते. वडिलांविषयी श्याम अतिशय मायेने लिहितो, आणि त्या मायेत घर बुडाल्याचा दोष कोणाचा हा प्रश्न विरघळून जातो. आईचा तडफदारपणाही वाचकांनी विसरावा अशी व्यवस्था प्रवचनांनी झाली आहे. वास्तविक ही बाई मुलगा पोहावयास भितो म्हणून त्यास शिंपटीने झोडपीत विहिरीवर धाडते. सावकाराच्या माणसाने तोंड सोडले तेव्हा त्यास दारातून चालता हो म्हणते. रागावणारी आहे ती, चांगली रागावणारी. आणि एक लहानशी गोष्ट : पुस्तकाच्या नावात तिचे नाव नाही. तिची सगळी ओळख मुलाच्या नावावरून आहे.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहावी. तिचा पहिला भाग १९३४ साली, म्हणजे ‘श्यामची आई’च्या आदल्याच वर्षी निघाला. मुलाने वडिलांच्या, म्हणजे रेव्हरंड टिळकांच्या, चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या, आणि लिहिता लिहिता बाई स्वतःच पुस्तकभर उभ्या राहिल्या. मध्ये मुलगा नसल्यामुळे तेथे प्रभावळही नाही. सोवळ्याच्या वेडाने घरादारास जेरीस आणणाऱ्या स्वतःच्या वडिलांचे चित्र त्या हसत हसत काढतात, स्वतःच्या मनातील शिवाशीव कशी कशी गळून पडली तेही लपवीत नाहीत, आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर तर त्यांची लेखणी विशेष खुलते. आमच्या वाङ्मयात बायकांनी नवऱ्यांच्या आठवणी लिहावयाच्या व मुलग्यांनी आयांच्या, अशी एक वाटणी होऊन बसली आहे. रमाबाई रानड्यांचे १९१० सालचे पुस्तक पहिल्या प्रकारचा उत्कृष्ट नमुना आहे. लेकींनी आयांविषयी लिहिलेले आम्ही अधिक वाचावयास हवे. आत्याची शिसपेन्सील हे आमच्या मते त्या लेखनाचे एक प्रकरणच होय.

तेव्हा तिचे म्हणणे येथे लिहितो. १९५८ सालची गोष्ट. चाळीचे संडास झाडावयास जी बाई येई तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा विषमज्वराने परळच्या के.ई.एम. इस्पितळात होता. गावाकडची माणसे १९२६ साली निघालेल्या त्या इस्पितळात, आणि १९४१ पासून टाटा इस्पितळातही, उपचारास येत व आमच्या दोन खोल्यांत उतरत. त्यामुळे परळला डबा नेणे आजीच्या अंगवळणी पडलेले होते. या मुलासाठी तिने सलग बारा दिवस ट्रामने जाऊन मुगाचे कढण नेले. त्याच्या उशाशी बसून चमच्याने पाजले. त्याची आई दिवसभर चार चाळींचे काम करून संध्याकाळी तेथे पोचे, तोवर आजी तेथून हलत नसे. हे आमच्या लेखात होते, आणि चुलतभावाने डोळे पुसले ते येथेच.

लेखात जे नव्हते ते असे. रोज संध्याकाळी घरी परतल्यावर आजी उंबऱ्याबाहेर उभी राही. चौदा वर्षांच्या आत्याने बंब पेटवून ठेवलेला असे. मोरीचे दार आधीच उघडे, वाटेत कोणी यावयाचे नाही. आजी सरळ मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेई आणि मग स्वयंपाकघरात पाऊल टाकी. बारा दिवस कढण आणि बारा दिवस आंघोळ. भारताच्या राज्यघटनेचे सतरावे कलम अमलात येऊन त्या वेळी आठ वर्षे झाली होती. मुलगा बरा झाला. त्याची आई आजीच्या पाया पडावयास आली ती गॅलरीत, दारापासून दोन हात दूर. आजीने तिला चहा दिला, आणि तो कान तुटलेल्या एका कपबशीत दिला, जी खिडकीबाहेरच्या फळीवर पालथी ठेवलेली असे व जिला घरातले कोणी शिवत नसे.

ती कपबशी आम्हीही पाहिली आहे. १९७६ च्या सुमारास ती तेथेच होती. आम्ही एकदा तहान लागली म्हणून तिच्यातून पाणी प्यालो होतो, आणि आजीने आम्हांस जी थप्पड दिली तीच तिची आमच्या आयुष्यातील एकमेव थप्पड. लेख लिहिताना ही थप्पड आम्हांस आठवली नाही असे नाही. आठवली, आणि ‘तिने आमच्यावर कधी हात उगारला नाही’ असे वाक्य आम्ही त्यानंतर लिहिले.

“मग तू काय समजलीस आईला?” आम्ही आत्यास विचारले. ती म्हणाली, “समजायचंय काय त्यात? मी पाणी तापवीत होते. मला तेव्हा दोन्ही बरोबरच वाटायचं. नंतर माझ्या घरी मी तसली कपबशी ठेवली नाही. आईनं कधी विचारलं नाही, का नाही ठेवलीस म्हणून. पण ती माझ्याकडे राहायला यायची तेव्हा कामवाल्या बाईचा चहा ओतताना तोंड दुसरीकडे करायची. बघायचं नाही म्हणून, की लाज वाटायची म्हणून, ते काही मला आजतागायत कळलेलं नाही.” थोड्या वेळाने तिने असेही सांगितले की, विषमज्वरातून उठलेला तो मुलगा पुढे मोठा होऊन नोकरीला लागला, आणि १९९९ साली आजी गेली तेव्हा चंदनवाडीस आला होता. खांदा देणाऱ्यांत तो होता काय, हे विचारण्याचे आम्ही धाडस केले नाही.

आम्ही लेख पुन्हा लिहिला. निळी वही घातली, पेज घातली, डब्यांवरून होणारी भांडणे घातली, न घातलेल्या प्रदक्षिणा घातल्या. आणि बंब, मोरी, कपबशी, थप्पड हे क्रमाने लिहिले. तो नवा लेख घरातील सात जणांकडे गेला. वही व पेज सर्वांस चालली. पिंपळाचे रोप तर फारच आवडले. कपबशीविषयी मात्र एका चुलतबहिणीने कळविले की, परदेशात वाढलेली नातवंडे हे वाचतील आणि त्यांच्या मनात आजीची काय प्रतिमा राहील? दुसऱ्या भावाने विचारले की, आजी आज उत्तर द्यावयास नाही, तेव्हा हे लिहिणे न्यायाचे आहे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर अजूनही आम्हांस नीट देता आलेले नाही. आम्ही एवढेच म्हटले की, आंघोळीशिवाय कढण छापावयाचे असेल तर लेखावर आमचे नाव घालू नये. त्यावर पुष्कळ फोन झाले. शेवटी मतास टाकून निर्णय झाला. आमच्या बाजूने आत्या आणि एक नातसून, अशी दोनच मते पडली.

स्मरणिका दिवाळीच्या आधी निघाली. छपाई सुरेख आहे. आमचा पहिला लेख तीत जसाच्या तसा आहे, ‘हिरव्या स्वप्ना’सह, खाली ‘कुटुंबीय’ अशी सही आहे. आत्याने तिच्या प्रतीत त्या पानाच्या समासात काहीतरी लिहिले आहे असे कळते. आम्ही ते अद्याप पाहिलेले नाही. दुसऱ्या लेखातील बंबाचा व कपबशीचा मजकूर कोठे तरी छापला जावा म्हणून तो येथे दिला.